विहिरीच्या वहीतील पन्नास वर्षे

महोदय,

‘सरासरीच्या इतके टक्के पाऊस’ असे आपण रोज वाचतो. ही सरासरी पन्नास वर्षांची असते. हवामान खात्याने १९७१ ते २०२० या काळातील नोंदींवरून देशाची जून ते सप्टेंबरची सरासरी ८७ सेंटीमीटर धरली; त्याआधी १९६१ ते २०१० च्या नोंदींवरून ती ८८ होती. गोव्यात याच चार महिन्यांत सुमारे ३०० सेंटीमीटर पडतो, तरी एप्रिल-मेमध्ये घागर खरवडण्याची वेळ येते.

पण विहिरीचे काय? माझे वडील १९७४ पासून दर अक्षय्य तृतीयेला आमच्या विहिरीत डोकावून पाण्याच्या वर चिऱ्यांचे किती थर उघडे पडले ते मोजत आणि लाल पुठ्ठ्याच्या वहीत लिहीत. पहिल्या पानावर नऊ थर आहेत. यंदा मी सतरा मोजले. शेजारी दोन बोअरवेल आल्यानंतरची पाने पाहवत नाहीत. ही एकाच विहिरीची गोष्ट, यावरून सगळ्या डिचोलीचा निष्कर्ष मी काढणार नाही. म्हणूनच अशा आणखी वह्या हव्यात. गावोगावच्या बागायतदारांकडे, देवस्थानांच्या जुन्या चोपड्यांत त्या नक्की असतील. वाळवी लागण्याआधी पंचायतींनी त्यांची छायाचित्रे घेऊन ठेवावीत आणि शाळांतील मुलांना दर उन्हाळ्यात गावच्या विहिरी मोजायला लावाव्यात. लागते काय, तर दोरी, दगड आणि एक वही.

आमची वही द्यायला मी तयार आहे.

– एक वाचक, डिचोली