विषय : गहू किटातलं फाटलेलं 'चिलेटेड' झिंक आणि तुमच्या तज्ज्ञांचे सल्ले

मा. व्यवस्थापक, गुणवत्ता विभाग यांस,

तुमच्या ग्राहक सेवेचा फोन आत्ताच ठेवलाय, तेव्हा नमस्कार-चमत्कार राहू द्या.

किटातल्या झिंकच्या पुड्यावर 'ईडीटीए चिलेटेड, 12 टक्के' असं छापलंय, म्हणजे झिंक ईडीटीएच्या पकडीत बांधलेलं, दुसऱ्या कशाशी न जुळणारं. 0:52:34 या स्फुरद-पालाशच्या विद्राव्य खताबरोबर फवारा, हेही तुमच्याच पत्रकात आहे. तसंच केलं. ड्रममध्ये दोन्ही एकत्र येताच पाणी ताकासारखं पांढरं झालं, तळाला चोथा बसला, पंपाची जाळी आणि नोझल तुंबलं. मजूर बांधावर बसून, त्यांचा रोज मात्र चालूच. मग त्याच विहिरीच्या पाण्यात दोन्ही वेगवेगळं कालवून पाहिलं, तर दोन्ही नितळ. एकत्र केलं की पुन्हा पांढरं. झिंक खरंच चिलेटमध्ये बांधलेलं असतं, तर स्फुरदाच्या तावडीत सापडलं नसतं. असं फाटतं ते साधं झिंक सल्फेट. तेच मारायचं असतं तर अर्धा टक्का द्रावण चुन्याची निवळी घालून मी घरीच केलं असतं, तुमच्या पुड्याच्या किमतीत दोनदा जेवूनसुद्धा.

आता तुमचे तज्ज्ञ. "काका, पाणी आरओचं घेतलं होतं का?" म्हटलं, एकरी 200 लिटर लागतं, आरओ कुठून आणू? "कंपनीचा प्रोटोकॉल तसाच आहे." कुठल्या पत्रकात, ते सांगा, म्हटलं. मला होल्डवर टाकलं, तुमचीच जाहिरात ऐकवली आणि परत येऊन विचारलं, "ढवळलं कशाने? काठीने? तरीच!" तरीच काय, ते काही सांगितलं नाही. शेवटी पिकाची अवस्था विचारली. पोटरीत आहे, ओंबी बाहेर पडायच्या बेतात, म्हटल्यावर म्हणाले, "मग वृद्धी नियंत्रकाचा आणखी एक हात मारून टाका, गहू लोळणार नाही." साहेब, ते क्लोरमेक्वाट आहे. जिबरेलिन हे उंची वाढवणारं संप्रेरक तयार होणं रोखून पेरं आखूड ठेवायची, म्हणून ते कांडी धरताना मारतात. पोटरीत खालची पेरं कधीच लांबून झालेली असतात. तुमच्याच बाटलीवर वेळ छापली आहे. तज्ज्ञांनी ती वाचली नसेल तर एक पाठवतो. रिकामी.

द्राक्षबागेला इतकी वर्षं तुमचंच जीए (जिबरेलिक ॲसिड) वापरलं, म्हणून गव्हालाही डोळे झाकून किट घेतलं. गव्हाच्या मधल्या पानांवर शिरेच्या दोन्ही बाजूंचे झिंकच्या कमतरतेचे पिवळे पट्टे आहेत तसेच आहेत. बागेचं काय घ्यायचं, ते आता दुसरीकडे बघू.

आणि पुन्हा सांगतो, आरओचं पाणी तुमच्या पत्रकात कुठेही नाही.

पक्कं बिल माझ्याकडे आहे. त्याच बॅचचा माल दुकानात पडून आहे. खत नियंत्रण आदेश, 1985 खाली त्याचा नमुना घ्यावा, असा अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे देतोय. झिंक 12 टक्के भरलं नाही किंवा चिलेट निघालं नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगात भेटू. किटाचे पैसे, वाया गेलेलं 0:52:34 आणि मजुरी, तिन्ही मागणार आहे.

त्याआधी बॅचचा विश्लेषण अहवाल लेखी पाठवा. फोन करू नका.

एक गहू व द्राक्ष उत्पादक
ता. निफाड, जि. नाशिक