आपत्ती निधी : खर्च नव्हे, परिणाम मोजा

महोदय,

पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी राज्यांच्या आपत्ती निधीतले ८० टक्के प्रतिसादाला आणि २० टक्के सौम्यीकरणाला, म्हणजे आपत्तीची झळ आधीच कमी करणाऱ्या कामांना, राखले. त्या ८० मधले १० पूर्वतयारीला. पण निधी वापरल्याच्या दाखल्यातून, म्हणजे उपयोगिता प्रमाणपत्रातून, पैसा खर्च झाला एवढेच कळते. पुरासाठी बचाव बोट घेतली हे दिसते, ती चालते का हे नाही. बोटीच्या इंजिनाच्या कार्ब्युरेटरमध्ये गेल्या पावसाळ्यातले पेट्रोल राहिले की जेट, म्हणजे पेट्रोलचे बारीक छिद्र, चिकटून बुजतो आणि ऐन पुरात इंजिन दगा देते. म्हणून मे महिन्यातच प्रत्येक इंजिन पाण्यात उतरवून, पूर्ण माणसे बसवून चालवावे आणि दोरीच्या कितव्या ओढीला सुरू झाले ते नोंदवावे.

कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. एकोणचाळीस ओलांडल्यावर शेवटच्या वाडीत निरोप किती मिनिटांत पोहोचला? त्रेचाळीसच्या आत किती कुटुंबे हलली? जनावरांचा आकडा वेगळा हवाच. दावणीची जनावरे सोडून जाववत नाही म्हणून माणसे मागे राहतात. आणि तुलना सारख्या उंचीच्या पुरांचीच करावी, नाहीतर कमी पावसाच्या वर्षाचे श्रेय निधीला जाते.

– एक वाचक, कोल्हापूर