काचेच्या भांड्यातली फुले

पॅरिस, १२ मे

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही फ्रेंच चित्रकार मानेच्या फुलांच्या चित्राबद्दल विचारलेत, तेव्हा मला नीट सांगता आले नाही. म्हणून काल पुन्हा ओर्से संग्रहालयात जाऊन आलो आणि आता सविस्तर लिहीत आहे. (एदुआर माने आणि क्लोद मोने ही चित्रकारांची नावे ऐकून ‘हे दोघे आपल्याकडचेच ना?’ असे आई पुन्हा विचारणार, हे गृहीत धरले आहे.) संग्रहालयाची इमारत पूर्वी रेल्वे स्थानक होती, १९८६ साली तिचे संग्रहालय झाले.

चित्र अगदी लहान आहे, आपल्या देवघरातल्या तसबिरीहून थोडे मोठे. स्फटिकासारख्या काचेच्या भांड्यात कार्नेशन आणि क्लेमॅटिसची जांभळी फुले, मागे करडी-निळसर पार्श्वभूमी, एवढाच विषय. क्लेमॅटिस म्हणजे आपल्या घाटातल्या मोरवेलीची नातलग. मानेने हे चित्र १८८२ च्या सुमारास काढले. त्या वेळी त्याच्या पायांतली शक्ती जात चालली होती, मोठ्या कॅनव्हाससमोर तासन्‌तास उभे राहणे अवघड झाले होते आणि भेटीला येणारे स्नेही फुले आणत असत. तीच फुले त्याने एकामागून एक छोट्या चित्रांतून रंगवली. एप्रिल १८८३ मध्ये त्याचा डावा पाय कापावा लागला आणि ३० एप्रिलला, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, तो गेला. हे ठाऊक असल्यामुळे चित्रात करुणा शोधण्याचा मोह होतो, पण मला तरी ती सापडली नाही. फुले टवटवीत आहेत आणि हात घाईचा असला तरी थकलेला वाटत नाही.

मला खिळवून ठेवले ते फुलांनी नव्हे, भांड्यातल्या पाण्याने. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेआधी तुम्ही माझ्यापुढे पाण्याचा पेला ठेवून त्यात चमचा उभा केला होता आणि ‘पाणी रंगवायला जाऊ नकोस, चमचा कुठे मोडलेला दिसतो तेवढे बघ’ असे बजावले होते, ते आठवते का? मानेने नेमके तेच केले आहे. जवळ गेल्यावर देठांच्या जागी हिरव्या रंगाचे चार-दोन तुटक फटकारे आणि काचेच्या कडेवर पांढऱ्याचे ठिपके याखेरीज काही दिसत नाही; ओल्या रंगावरच ओला रंग चढवल्यामुळे कडा एकमेकींत मिसळल्या आहेत. चार पावले मागे सरकले की काच, पाणी आणि बुडालेले देठ तिन्ही वेगवेगळे उभे राहतात. मी इतक्या वेळा पुढेमागे झालो की तिथला पहारेकरी माझ्याकडे संशयाने पाहू लागला.

मानेला सर्रास इंप्रेशनिस्ट, म्हणजे प्रकाशाचा क्षणिक ठसा टिपणाऱ्या चित्रकारांपैकी, म्हटले जाते, परंतु १८७४ ते १८८६ या काळात त्या मंडळींची आठ प्रदर्शने झाली आणि मानेने त्यांतल्या एकातही चित्र ठेवले नाही; सरकारमान्य सलोंमध्येच, म्हणजे पॅरिसच्या मोठ्या अधिकृत चित्रप्रदर्शनातच, मान्यता मिळावी, हा त्याचा हट्ट होता.

त्याचा स्वभाव कळण्यासाठी एक गोष्ट सांगतो. १८८० मध्ये त्याने शतावरीच्या कोंबांच्या जुडीचे चित्र आठशे फ्रँकला ठरवले होते. घेणारे शार्ल एफ्रुसी यांनी हजार पाठवले. तेव्हा मानेने एकाच कोंबाचे आणखी एक छोटे चित्र काढून, तुमच्या जुडीतला हा एक राहिला होता, अशा अर्थाच्या चिठ्ठीसह त्यांच्याकडे धाडले. तो एकटा कोंब याच संग्रहालयात आहे. इथे शतावरीचे कोंब भाजी म्हणून खातात, हे आईला सांगा.

सोबत फुलांच्या चित्राचे कार्ड पाठवत आहे. छपाईत पार्श्वभूमी फार निळी झाली आहे आणि देठांचा हिरवा रंग मळकट उतरला आहे, तेव्हा रंगांच्या बाबतीत कार्डावर विसंबू नये.

आईस साष्टांग नमस्कार.

तुमचाच,
धाकटा