विश्वस्त केलं, पण काम कोण शिकवणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या तालुक्यातल्या एका जुन्या सार्वजनिक वाचनालयावर मला विश्वस्त म्हणून घेतलं त्याला आता सहा वर्षं झाली. निवड झाली त्या दिवशी हार-नारळ झाला, फोटो झाले, आणि मग प्रोसिडिंग बुक पुढं आलं, इथं सही करा. संस्थेची घटना काय म्हणते, मालमत्ता किती, शेवटचं ऑडिट कधीचं, कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही, कारण सगळी वडीलधारी माणसं बसलेली, आल्याआल्या हिशोब मागितला तर अविश्वास दाखवल्यासारखं होईल असं वाटलं.

दोन वर्षांनी अध्यक्ष वारले. बँकेत सह्या बदलायला गेलो तर म्हणाले धर्मादाय कार्यालयातून शेड्यूल वनची, म्हणजे तिथल्या नोंदवहीतल्या ट्रस्टच्या नोंदीची, नक्कल आणा. ती आणली तर त्यात आमच्यापैकी एकाचंही नाव नाही, जी नावं होती त्यातले बरेचसे हयातच नाहीत. निवडी दर वेळी झाल्या, ठराव झाले, पण चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त बदलल्याचं धर्मादाय कार्यालयाला कळवणारा अर्ज, कोणी दाखलच केला नव्हता! १९५० च्या आपल्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यात कलम २२ प्रमाणे बदल झाला की ९० दिवसांत कळवायचं असतं. मग वकील, विलंब माफीचे अर्ज, तारखा, आणि या सगळ्यात ग्रंथपाल बाईंचा पगार पाच महिने अडकला. त्यांनी एक दिवस वाचनालय बंद ठेवलं नाही, हे मला अजून लागून राहिलंय.

बरं तेवढ्यावर थांबलं नाही. ठेवी एका पतसंस्थेत, का तर व्याज जास्त. कलम ३५ प्रमाणे ट्रस्टचा पैसा शेड्यूल्ड बँक, पोस्ट, सरकारमान्य सहकारी बँक, सरकारी रोखे अशा ठरलेल्या ठिकाणीच ठेवायचा असतो, पतसंस्था त्यात बसत नाही. खालचा गाळा पाच वर्षांच्या कराराने भाड्याने दिलेला, आणि इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त लीजवर द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते हे सह्या करणाऱ्या एकालाही माहीत नव्हतं. यात कुणी पैसा खाल्ला नाही हो, सगळी सज्जन माणसं, पदरचे पैसे घालणारी. पण हिशोब, रिटर्न वारंवार चुकले तर याच कायद्याच्या कलम ४१-ड खाली विश्वस्ताला काढूनही टाकता येतं, तिथं सज्जनपणा कामाला येत नाही.

आता गंमत नाही, खरंच विचार करा, हौसिंग सोसायटीच्या कमिटी मेंबरला सहकार कायद्याच्या कलम २४-अ प्रमाणे ट्रेनिंग घ्यायला सांगितलंय. मग शाळा, देवस्थान, दवाखाना, वसतिगृह चालवणाऱ्या ट्रस्टीला का नाही? माझं म्हणणं एवढंच की चेंज रिपोर्ट मंजूर करताना नव्या विश्वस्ताने एक दिवसाचं प्रशिक्षण घेतल्याचा दाखला जोडायला सांगावा, आणि ते प्रशिक्षण जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयानेच मराठीत, फुकट, सुट्टीच्या दिवशी घ्यावं. त्यात एखाद्या खऱ्या ट्रस्टचा ताळेबंद वाचायला शिकवा, नुसती भाषणं नकोत. आणि नातेवाईकाला कंत्राट द्यायचा विषय आला तर त्या विश्वस्ताने उठून बाहेर जायचं आणि तसं प्रोसिडिंगमध्ये लिहायचं, हे तर आवर्जून शिकवा, कारण गावात हे तोंडावर बोलायला सगळेच कचरतात.

सरकार करेल तेव्हा करेल, आम्ही आमच्यापुरतं सुरू केलंय. नव्या माणसाला सहीच्या आधी एक फाईल देतो, घटनेची प्रत, शेड्यूल वन, तीन वर्षांची ऑडिट, बँक पासबुकांची झेरॉक्स, चालू करार. आणि एक रविवार सकाळ आमचे सीए आणि ग्रंथपाल बाई त्याच्यासोबत बसतात. यंदा आलेल्या एका ताईंनी पहिल्याच मीटिंगला विचारलं की इमारतीचा विमा का नाही? सहा वर्षांत हा प्रश्न आमच्या कुणाच्या डोक्यात आला नव्हता. पुढच्या मीटिंगला विमा हाच पहिला विषय घेतलाय.

आपला,
एक विश्वस्त, जि. सांगली