टेस्ट फ्रेममध्ये उभे राहणाऱ्या दादांस

आदरणीय दादा,

सविनय नमस्कार.

गेल्या डिसेंबरमध्ये अंधेरीच्या स्टुडिओत आपले शेवटचे काम झाले. दिव्यांच्या पेट्या टेम्पोत चढवून, नेहमीसारखी एकेक वायर मोजून घेऊन तुम्ही निघालात आणि दोन दिवसांनी रत्नागिरी जिल्ह्यातल्या आपल्या गावी कायमचे राहायला गेलात. त्या रात्री पॅकअपच्या गडबडीत तुमच्याशी जे बोलायचे होते ते माझ्याकडून राहून गेले, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते सर्वांना वाचता येईल अशा रीतीने लिहिण्याचे कारणही सांगते. मासिकात फॅशनची पाने छापली जातात तेव्हा कडेला बारीक अक्षरांत छायाचित्रकाराचे, स्टायलिस्टचे, मेकअप आणि केशरचना करणाऱ्यांचे, दागिने देणाऱ्या दुकानाचेसुद्धा नाव येते. ज्याने दिवा लावला त्याचे येत नाही. तुमचे नाव इथे छापावे अशी माझी इच्छा होती. ‘नाव नको, ताई’ असे तुम्ही फोनवर सांगितलेत, म्हणून ते लिहीत नाही. तुमच्या कामाबद्दल मात्र मी लिहिणार आहे, आणि दोन सेटअपच्या मधल्या वेळात पायरीवर बसून वर्तमानपत्र अग्रलेखासकट वाचणाऱ्या तुमच्यासारख्या वाचकासाठी ते नीट मराठीतच लिहायला हवे.

आपली पहिली भेट २००८ सालची. दोन वर्षे दुसऱ्यांकडे सहायक म्हणून राबल्यावर मला स्वतःच्या नावावर मिळालेले ते पहिले काम होते, आणि उसने पैसे घेऊन विकत घेतलेला जुना कॅनन ५डी कॅमेरा माझ्या हातात होता. मुंबईत दिवे भाड्याने घेतले की त्यांच्यासोबत माणसे येतात. तुम्ही तसेच आला होता. सेटवर कपड्यांच्या कंपनीचे चार जण खुर्च्या टाकून बसलेले होते, कॅमेऱ्यातून निघालेल्या वायरीवरून प्रत्येक फ्रेम लॅपटॉपवर उमटत होती, आणि अचानक चौकटीच्या एका कडेला काळी पट्टी येऊ लागली. मला घाम फुटला. खुर्च्यांमधून कोणीतरी कॅमेरा बिघडला आहे का, असे मोठ्याने विचारले. तेव्हा तुम्ही पुढे येऊन सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालात, ‘मॅडम, दिव्याची वायर जरा तपासून घेतो,’ आणि माझ्या शेजारून वाकून जाताना अगदी हळू म्हणालात, ‘ताई, शटर बघा.’

चूक माझीच होती. त्या कॅमेऱ्यात स्टुडिओतल्या फ्लॅशसोबत शटर सेकंदाच्या २००व्या भागापेक्षा जलद ठेवून चालत नाही, कारण त्याहून जलद गतीला शटरचा पहिला पडदा पूर्ण उघडण्याआधीच दुसरा मिटू लागतो आणि फ्लॅशचा लखलखाट झाकलेल्या भागापर्यंत पोहोचतच नाही. गडबडीत शटरची गती ठरवणारे चाक माझ्या हातून फिरले होते. मी ते जागेवर आणले, तुम्ही वायर काढून पुन्हा खोचलीत, पट्टी गेली आणि काम पुढे सुरू झाले. त्या दिवशी तुम्ही मोठ्याने खरे बोलला असता तर ते चुकीचे ठरले नसते. पण चोवीस वर्षांच्या मुलीला, जिच्याकडे खुर्चीतले चारही जण आधीच साशंकपणे पाहत होते, पुढचे काम मिळाले नसते, हे मला तेव्हाही कळत होते. सेटवर सर्वांसमोर ‘मॅडम’ आणि चहाच्या वेळी ‘ताई’ ही तुमची पद्धत पुढे सतरा वर्षे तशीच राहिली. तुम्ही ‘मॅडम’ म्हणता हे ऐकूनच बाकीची लाइटची मुले माझे ऐकू लागली, याची मला पूर्ण जाणीव आहे.

दिव्यांविषयी मला जे येते त्यातले बहुतेक तुमच्याकडून आलेले आहे. लहानपणी आमच्या घरी मासिकांतून गौतम राजाध्यक्षांची छायाचित्रे येत, आणि ती पाहूनच चेहऱ्यांचे फोटो काढायचे असे मी ठरवले होते. चेहऱ्यावरच्या प्रकाशाची ती मऊ उतरण कशी येत असेल, याचा मी फार विचार करीत असे आणि ती लेन्समधून किंवा फिल्टरमधून येते अशी माझी समजूत होती. एकदा लेन्सवर पातळ जाळी लावून मी धडपडत असताना तुम्ही ती काढायला लावलीत आणि सॉफ्टबॉक्स, म्हणजे दिव्यावर चढवलेली पांढऱ्या कापडाची पेटी, माझ्या देखत चेहऱ्याजवळ आणलात, मग तोच हळूहळू मागे नेलात. चेहऱ्याच्या मानाने दिवा जितका मोठा दिसेल तितकी सावलीची कड मऊ होते, आणि तोच दिवा दहा फुटांवर गेला की चेहऱ्याच्या दृष्टीने लहान होऊन सावली कापल्यासारखी पडते, हे मी पुस्तकात वाचलेले होते; पाहिले त्या दिवशी. चार फुटांवरचा दिवा आठ फुटांवर नेला की चेहऱ्यावरचा प्रकाश निम्मा न होता पाव होतो, म्हणून तुम्ही सॉफ्टबॉक्सच्या कडेला सुतळी बांधून ठेवत असा आणि मॉडेल हलली की तिच्या गालापर्यंत ती ताणून पाहत असा. दिवसाला सत्तर कपड्यांचे कॅटलॉग काढताना पहिल्या कुर्त्यापासून शेवटच्यापर्यंत त्वचेचा उजळपणा एकसारखा राहिला तो या सुतळीमुळे. नंतर संगणकावर रंग जुळवणाऱ्या मुलाने दोनदा मला विचारले होते की या कामात दुरुस्तीला काहीच कसे उरत नाही.

पैठणीचे काम मात्र वेगळेच होते, आणि त्याबद्दल थोडे सविस्तर लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. येवल्याच्या विणकरांकडून आलेल्या अकरा पैठण्या होत्या. मी समोरून मोठा ऑक्टाबॉक्स, म्हणजे आठ कोनी सॉफ्टबॉक्स, लावला आणि पदरावर पांढरे डाग आले. मधली जरीची नक्षी काळी पडली आणि मोर ओळखू येईनासे झाले. मी दिवा कमी-जास्त करीत राहिले. तुम्ही तासभर काही बोलला नाहीत, मग पदर हातात घेऊन खिडकीपाशी गेलात आणि मला तिथे बोलावलेत. जरीचा धागा धातूसारखा चकाकणारा असतो; त्याच्यासमोर जे असेल तेच त्यात दिसते, लहान दिवा असेल तर लहान डाग आणि काही नसेल तर काळोख, असे तुम्ही दाखवलेत. धूपछाव रंगाच्या रेशमात उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असतो, त्यामुळे समोरून सपाट प्रकाश टाकला की दोन्ही रंग एकमेकांत मिसळून मळकट दिसतात, हेही तिथेच कळले. मग आठ बाय आठ फुटांचे स्किमर, म्हणजे चौकटीवर ताणलेले पातळ पांढरे कापड, बाजूला उभे राहिले, दिवा त्याच्या मागे इतका दूर गेला की सगळे कापड कडेपासून कडेपर्यंत एकसारखे उजळले, चेहऱ्यावर जास्तीचा प्रकाश येऊ नये म्हणून वरून प्रकाश अडवणारे काळ्या कापडाचे कटर आले, आणि तुम्ही मॉडेलला खांदा किंचित वळवायला सांगितलेत. निऱ्यांच्या एका अंगावर जांभळा आणि दुसऱ्या अंगावर लाल रंग वेगवेगळे उभे राहिले. विणकरांपैकी जे वयस्कर गृहस्थ सेटवर आले होते, ते लॅपटॉपच्या पडद्याजवळ जाऊन बराच वेळ पाहत राहिले. माझ्या सगळ्या कामांत मला सर्वांत अभिमान वाटतो तो त्या अकरा छायाचित्रांचा, आणि त्यातली प्रकाशयोजना तुमची आहे.

२०१४ मध्ये एका ज्येष्ठ गायिकेचे पोर्ट्रेट काढायचे होते. त्या थकलेल्या होत्या, त्यांच्या जाड भिंगांच्या चष्म्यात दिवे चमकत होते आणि सर्व जण त्यांना चष्मा काढायला सांगत होते. चष्मा काढला की त्यांचे डोळे अनोळखी आणि बावरलेले दिसत. त्यांनाही ते आवडत नव्हते, पण त्या संकोचाने गप्प होत्या. तुम्ही चार दिव्यांपैकी तीन बंद केलेत, उरलेला एक वर नेलात, त्यांची परवानगी मागून चष्म्याच्या काड्या कानांवर केसभर उचलल्यात, त्यामुळे भिंगे किंचित खाली झुकून चमक निघून गेली, आणि डोळ्यांखालचा काळोख उजळावा म्हणून थर्माकोलचा एक तुकडा त्यांच्या मांडीवर ठेवलात. त्यांनी तुम्हाला तुमचे गाव विचारले. तुम्ही सांगितलेत, आणि त्या गावच्या देवळात लहानपणी आपण गायलो होतो असे सांगताना त्या हसल्या. मी तेवढी एकच फ्रेम वापरली. त्यानंतर आजपर्यंत मी कोणाचेही पोर्ट्रेट एका दिव्यापासून सुरू करते आणि दुसरा लावण्याआधी थांबून चेहरा पाहते.

पैशांची गोष्ट लिहिणे अवघड आहे, तरी लिहिते. आमच्या व्यवसायात काम एका दिवसात होते आणि पैसे येण्यास तीन-चार महिने लागतात, हा माझा नित्याचा अनुभव आहे. लहान उद्योगांचे पैसे ४५ दिवसांच्या आत चुकते करावेत असे २००६ चा कायदा सांगतो, पण पुढचे काम हातचे जाईल या भीतीने त्याचा आधार घ्यायला आमच्यातले फार थोडे धजावतात. एका कंपनीने माझे सहा दिवसांचे पैसे अडकवले तेव्हा माझ्याकडे सर्वांना देण्याइतकी रक्कम नव्हती. मी ते तुम्हाला सांगितले. तुम्ही म्हणालात, ‘आधी स्पॉटच्या पोरांचे आणि माझ्या हाताखालच्या दोघांचे द्या, माझे मागून.’ स्पॉटची पोरे म्हणजे सेटवर चहापाणी आणि पडेल ते काम करणारी मुले. तुमचे मागून म्हणजे पाच महिन्यांनी दिले गेले, आणि त्या काळात तुमच्या मुलीचे कॉलेजचे पहिले वर्ष होते हे मला फार उशिरा, तेही दुसऱ्याकडून कळले. याबद्दल मी तुमची क्षमा मागते. त्या प्रसंगानंतर मी कामाच्या आगाऊ रकमेतून दिव्यांच्या माणसांचे आणि स्पॉटच्या मुलांचे पैसे आधीच बाजूला काढते आणि पॅकअपच्या संध्याकाळी ते हातात देते. आगाऊ रक्कम देत नाहीत अशी कामे मी घेणे सोडले आहे. यामुळे काही कामे गेली. ती गेल्याचे मला वाईट वाटत नाही.

मार्च २०२० मध्ये सगळे बंद पडले तेव्हा तुम्ही गावी होता आणि मी ठाण्यातल्या माझ्या दोन खोल्यांत दागिन्यांचे फोटो काढून दिवस काढत होते. मी मोबाइलवरून खिडकीचा फोटो पाठवायचा आणि तुम्ही फोनवर सांगायचे, पांढरी चादर कुठे बांधायची आणि काळा कागद कुठे धरायचा. त्या काळात घरभाडे निघाले ते त्या खिडकीवर.

आता या पत्रासोबत पाठवत असलेल्या पार्सलविषयी. मॉडेल मेकअपच्या खोलीत असते तेव्हा प्रकाश तपासण्यासाठी तिच्या जागी कोणीतरी उभे राहावे लागते, आणि सतरा वर्षे तिथे बहुतेक वेळा तुम्ही उभे राहिलात, हनुवटीखाली प्रकाश मोजणारा लाइटमीटर धरून, माझ्याकडे न पाहता दिव्याकडे पाहत. त्या टेस्ट फ्रेम काम संपले की मी पुसून टाकत असे. तुम्ही गेल्यावर जुन्या हार्डडिस्क उघडून पाहिल्या, तेव्हा पुसायच्या राहून गेलेल्या एकशे बारा सापडल्या. त्यांत तुमचे केस काळ्याचे पांढरे होत गेलेले दिसतात, २०१४ नंतर चष्मा येतो आणि शर्ट बहुतेक वेळा तोच निळ्या चौकड्यांचा असतो. जाणूनबुजून तुमचा म्हणून काढलेला एकही फोटो माझ्याकडे नाही, हे पाहून मला फार अपराधी वाटले. पण त्यांतल्या एका फ्रेममध्ये तुम्ही मीटर खाली घेतला आहे आणि क्षणभर कॅमेऱ्याकडे पाहिले आहे. ती गायिकेच्या कामाच्या दिवसाची आहे, तीन दिवे बंद केल्यानंतरची.

ती मी कापसाच्या कागदावर सोळा बाय वीस इंचांत छापून घेतली आहे. दोन थर्माकोलच्या पत्र्यांमध्ये बांधली आहे, तेव्हा सुरी लावताना जपून लावावी, आणि कोकणातल्या दमटपणामुळे भिंतीला टेकवून न लावता मागे थोडी फट ठेवावी. मागच्या बाजूला, तुमच्या वहीत तुम्ही लिहीत असा तसेच लिहिले आहे: एक दिवा, डावीकडून, चार फूट, एफ ८.

आपली कृतज्ञ,
ताई