सायकल आधी, तिकीट नंतर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशातील सायकल सहलींविषयी पुष्कळ लिहिले जाते. परंतु त्यात मार्गाचे वर्णन जितके असते, तितके स्वतःची सायकल तेथवर न्यायची कशी, याचे नसते. नवखा माणूस बहुधा स्वस्त तिकीट काढून मोकळा होतो आणि सायकलचा विचार मागाहून करतो. माझ्या मते हा क्रम उलटा हवा.

काही विमान कंपन्या सायकल नेहमीच्या २३ किलोंच्या सामानात धरतात, काही क्रीडासाहित्य म्हणून वेगळे शुल्क घेतात, आणि आगाऊ कळवणे बहुतेक ठिकाणी भाग असते. वाटेत विमान कंपनी बदलणार असेल, तर दोन्हींकडून लेखी होकार आल्याखेरीज पैसे भरू नयेत. विजेवरच्या सायकलचा प्रश्न तर तिथेच मिटतो, कारण प्रवासी विमानात १६० वॉट-तासांहून मोठी लिथियम बॅटरी चालत नाही आणि या सायकलींची बॅटरी सहसा त्याच्या दुपटीहून मोठी असते.

पहिल्या खेपेस मी चाके, हँडल आणि पेडल काढले (डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे घाम गाळल्यावर आठवले), पण मागचा डिरेलर (गिअर बदलताना साखळी सरकवणारा भाग) तसाच ठेवला. खोके उघडले तेव्हा त्याचा हँगर, म्हणजे डिरेलर फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा, आत वाकला होता आणि सर्वांत हलका गिअर टाकताच डिरेलर आऱ्यांवर खडखडू लागला. फ्रेम वाचावी म्हणून हा तुकडा मुद्दामच नरम धातूचा करतात; मात्र त्याचे आकार इतके असतात की परक्या गावात नेमका हवा तो मिळणे कठीण. आता मी डिरेलर सोडवून, फडक्यात गुंडाळून फ्रेमच्या आत बांधतो आणि एक जादा हँगर जवळ ठेवतो.

मार्ग ठरतो तोही पुष्कळदा खोक्यावरून. टणक पेटी सायकलला उत्तम जपते, पण तिच्यासाठी सुरुवातीच्या गावी परतावे लागते. डॅन्यूब नदीकाठचा जर्मनीतील पासाउ ते ऑस्ट्रियातील व्हिएन्ना हा सुमारे ३२० किलोमीटरचा लोकप्रिय मार्ग एकाच दिशेचा. परतायचे तर रेल्वेने, आणि जर्मनीच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांत सायकलची जागा राखून ठेवणे सक्तीचे आहे. अशा मार्गासाठी पुठ्ठ्याचे खोके बरे. ते पोहोचल्यावर टाकून द्यावे आणि शेवटच्या मुक्कामातील एखाद्या सायकल दुकानाला आधीच कळवून दुसरे मागून ठेवावे. नव्या सायकली अशाच खोक्यांतून येत असल्याने दुकानदार सहसा नाही म्हणत नाहीत.

आपला,
एक सायकलस्वार वाचक