दिवाळीआधीच्या बागेच्या सफाईबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
सहकारी गृहनिर्माण संस्था,
फोंडा, गोवा

महोदय,
सप्रेम नमस्कार.

बागेच्या सफाईचे कंत्राट दिल्याची नोटीस लिफ्टजवळ वाचली. गवत खणून काढणे, पालापाचोळा उचलणे, आंबा छाटणे, बुंध्यांना गेरू-चुना लावणे असा बेत दिसतो. गेरू-चुना खुशाल लावा, दिवाळीत शोभेल. बाकीच्या कामांबद्दल मात्र आताच लिहिते आहे, कारण एकदा माती उघडी पडली की पुढच्या जूनपर्यंत ती तशीच तापत राहणार.

आपल्याकडे वर्षाला शंभर इंचांहून जास्त पाऊस पडतो, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. ऑक्टोबरच्या मध्याला तो माघारी गेला की झाडांनी आठ महिने काढायचे कशावर? आपली जमीन जांभ्याची. पाणी फार काळ धरत नाही आणि एवढ्या पावसात तिचा कसही धुऊन जातो. आता जी ओल आहे ती टिकवायची तर वर पाल्याचे पांघरूण हवे. नेमके तेच उचलून न्यायला आपण पैसे मोजणार, आणि मार्चमध्ये त्याच झाडांसाठी टँकर मागवणार.

गवत कापूच नका, असे मी म्हणत नाही. सापांची भीती खरी आहे. मुलांची खेळायची जागा, पायवाटेच्या कडा आणि पार्किंगची बाजू मोकळी हवीच. पण गवत कापावे, मुळासकट खणू नये. कापलेले झाडांच्या आळ्यांत पसरावे, फक्त बुंध्याला टेकवू नये. दिवाळीतल्या नरकासुराच्या पुतळ्यात भरायला मुलांना चार भारे लागतीलच. तेवढे वेगळे ठेवायला सांगा, नाहीतर ती विचारायला थांबत नाहीत.

माडांचे जरा सविस्तर सांगते. माडाला आळे बुंध्यापासून सहा फुटांपर्यंत हवे. गेटजवळच्या माडांना आपण पेव्हर ब्लॉक थेट बुंध्यापर्यंत भिडवले आहेत. सगळे उखडा म्हणत नाही, पण प्रत्येक माडाभोवतीच्या दोन-तीन रांगा तरी काढाव्यात. मागच्या कंपाउंडकडच्या माडांना पुरेशी जागा आहे. तिथे ओल असतानाच शेणखत पडू दे. नारळ उतरवणारा पाडेली येईल तेव्हा सुकलेल्या झावळ्या उतरवून घ्याव्यात. नारळाची सोडणे, म्हणजे वरची जाड साले, फेकू नयेत, आळ्यात पाठ वर करून मांडावीत. पोकळ बाजू वर राहिली तर परतीच्या सरींचे पाणी साचेल आणि डेंग्यूच्या डासांबद्दल पुढचे पत्र मलाच लिहावे लागेल.

पंपाच्या खोलीमागचा खताचा ढीग पावसाळाभर कोणी हलवलेला नाही. गेंड्या भुंगा अशाच कुजत्या ढिगात अंडी घालतो आणि मग माडाचा कोंब पोखरतो. गेटजवळच्या एका माडाची नवी पाने कात्रीने कापल्यासारखी दिसतात, ती त्याचीच करणी. ढीग वरखाली करून अळ्या वेचायला अर्धा दिवस पुरेल.

आपल्या मानकुराद आंब्याला आता कोयता लावू नका. मोहोर फांद्यांच्या टोकांना येतो. तीच छाटली तर मे महिन्यात पाने मोजत बसावे लागेल. फांद्या ए विंगच्या गॅलरीत शिरतात हे मान्य, पण ते काम आंबे उतरल्यावर करता येईल. मोहोर येऊन फळ धरेपर्यंत त्याला पाणीही घालू नये, हे वॉचमनला कोणीतरी सांगायला हवे.

राहिला जाळण्याचा प्रश्न. उघड्यावर कचरा जाळायला बंदी आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये त्यासाठी ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणात जाळल्यास २५,००० रुपये दंड ठरवून दिला. तरी आपल्या मागच्या कोपऱ्यात संध्याकाळी धूर निघतोच. शिवाय खरी पानगळ अजून पुढे आहे. सागाची पाने जानेवारीनंतर पडू लागतील. त्याआधी तिथे उरलेल्या चिऱ्यांचा कप्पा रचून घेतला तर पाने तिथेच कुजतील. चिरे जिन्याखाली पडून आहेतच.

कंत्राटदाराला कामाची यादी देण्यापूर्वी आपण बागेत एक फेरी मारू. रविवारी सकाळी मी घरी आहे. माळीदादांनाही बोलवा, यंदा कुठल्या आळ्यात पाणी तुंबले आणि कुठले झाड पिवळे पडले, हे त्यांना माहीत आहे.

कळावे,
आपली,
बी विंगमधील सभासद